पहिली वेलांटी कुठे उभी राहते? रत्नागिरी, ब्रेल आणि युनिकोड

१/
‘किल्ला’ हा शब्द घ्या. या पानाच्या वाचकांना याहून परिचित शब्द क्वचितच असेल. उच्चारात आधी ‘क्’ येतो आणि मग ‘इ’. कागदावर मात्र पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे, म्हणजे त्याच्या आधी उभी असते. डोळ्याला या विसंगतीचे काहीच वाटत नाही, कारण डोळा अक्षर एकदम पाहतो. खिळे जुळवणारा, टंकयंत्र चालवणारा, संगणक घडवणारा आणि बोटांनी वाचणारा अशा चौघांना मात्र या वेलांटीने पाऊण शतक विचार करायला लावला. आजचा धागा तिच्याविषयी आहे. तो जरा लांब आहे.

२/
या कथेचा एक मोठा भाग आमच्या रत्नागिरीत घडला. लोकमान्य टिळकांचा जन्म येथलाच, १८५६ चा. ‘केसरी’ चालवताना देवनागरीच्या खिळ्यांची अवाढव्य संख्या कशी कमी करता येईल, या प्रश्नात टिळकांनी बरेच लक्ष घातले होते. रोमन लिपीचा जुळारी एका पेटीत आपले काम भागवी. देवनागरीच्या जुळाऱ्याभोवती मात्र जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या आणि अर्धी अक्षरे यांच्या पेट्यांची भिंतच उभी असे. जितके खिळे अधिक तितकी छपाई महाग, आणि छपाई महाग तर वाचक कमी. लिपीसुधारणेची चळवळ या हिशेबातून उभी राहिली, ही गोष्ट आपण सहसा विसरतो.

३/
१९२४ ते १९३७ या काळात विनायक दामोदर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. (त्यांच्या राजकारणावरचा वाद येथे नको. त्याला स्वतंत्र धागा लागेल, आणि प्रतिक्रियांत संयम लागेल.) येथील वास्तव्यात त्यांनी लिपिशुद्धीचा पुरस्कार केला. त्यातली सर्वांत ठळक सूचना म्हणजे ‘अ’ची बाराखडी. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही स्वतंत्र अक्षरे ठेवूच नयेत. ‘अ’लाच वेलांटी, उकार, मात्रा लावून अि, अी, अु, अू, अे, अै असे लिहावे. ‘ओ’ आणि ‘औ’ आपण अशाच रीतीने लिहितो, मग बाकीच्यांनी काय घोडे मारले आहे, असा तो युक्तिवाद होता.

४/
हा युक्तिवाद तर्काला धरून होता. मराठीत प्रत्येक स्वराची दोन रूपे आहेत. शब्दाच्या आरंभी तो स्वतंत्र अक्षर म्हणून येतो, व्यंजनानंतर चिन्ह म्हणून. म्हणजे एकाच ध्वनीसाठी दोन खिळे. सावरकरांनी दोहोंपैकी अक्षर काढून टाकले आणि चिन्ह ठेवले. ‘किर्लोस्कर’ मासिकासारख्या नियतकालिकांनी ही पद्धत काही काळ वापरली. काका कालेलकरांनीही हीच दिशा धरली होती. जुन्या ग्रंथालयात बसणाऱ्यांना ‘अितिहास’ अशी छपाई केव्हा ना केव्हा भेटलेली असेल. ती मुद्रणदोष नव्हे.

५/
पहिल्या वेलांटीला मात्र या सुधारणेने हात लावला नाही. ती ‘अि’मध्येही डावीकडेच राहिली. तिला उजवीकडे नेण्याचा धाडसी प्रयत्न पुढे झाला. १९५३ मध्ये लखनौला भरलेल्या देवनागरी सुधारणा परिषदेने शिफारस केली की ऱ्हस्व इकारही अक्षराच्या उजवीकडे लिहावा आणि दीर्घाहून वेगळा ओळखू यावा म्हणून त्याची उभी रेघ आखूड ठेवावी. काही वर्षांतच ही शिफारस मागे पडली. डोळ्यांची सवय मोडणे कोणत्याही परिषदेला सोपे नसते.

६/
आता दुसऱ्या वाटेने येऊ.

लुई ब्रेलचा जन्म १८०९ चा, फ्रान्समधला. सैन्यात अंधारात वाचता यावे म्हणून शार्ल बार्बिये यांनी बारा ठिपक्यांची एक लिपी काढली होती. ती बोटाखाली एकदम मावत नसे. पंधरा वर्षांच्या ब्रेलने ठिपके सहावर आणले. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. कोरे घर धरून एकूण ६४ आकृत्या होतात. त्याचे पुस्तक १८२९ मध्ये निघाले.

७/
हिंदुस्थानात अंधांसाठी पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत १९०० साली अॅना मिलर्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी शाळा काढली. तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा सुरू झाली. आता शिकवायचे कोणत्या लिपीत? येथे मोठा गोंधळ होता. ६४ आकृत्यांत भारतीय वर्णमाला कशी बसवायची याचे उत्तर प्रत्येक प्रांताने, किंबहुना प्रत्येक शिक्षकाने, वेगळे दिले. बंगालमध्ये लालबिहारी शाह यांची पद्धत होती, पश्चिम भारतात नीलकंठराय छत्रपती या स्वतः अंध असलेल्या डॉक्टरांची. म्हैसूरकडे आणखी निराळी, मिशनऱ्यांची तिसरीच. ब्रेल शिकलेल्या माणसाने प्रांत बदलला की तो पुन्हा निरक्षर ठरे.

८/
स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोपुढे मांडला. त्या कामी युनेस्कोचे सल्लागार होते न्यूझीलंडचे सर क्लुथा मॅकेंझी. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत त्यांची दृष्टी गेली होती. इकडे शिक्षण खात्यात लाल अडवाणी हे स्वतः अंध असलेले अधिकारी काम करीत होते. चर्चा झाल्या, मतभेद झाले, आणि १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी एक ‘भारती ब्रेल’ ठरली. त्याच वर्षी डेहराडूनला मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालय सुरू झाले.

९/
भारती ब्रेलचे मूळ तत्त्व असे की ध्वनी एक तर ठिपके एक. मराठी ‘क’, गुजराती ‘क’, बंगाली ‘क’, कन्नड ‘क’ डोळ्यांना चार वेगवेगळ्या आकृत्या दिसतात. बोटाला मात्र चारही ठिकाणी पहिला आणि तिसरा ठिपका लागतो. तोच इंग्रजीतला ‘के’. ज्या वर्षांत भाषावार प्रांतरचनेवरून देशभर वातावरण तापत होते, त्याच वर्षांत सगळ्या भाषांची लिपी बोटांखाली एक होत होती. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला एक ओळही मिळत नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

१०/
आता ‘किल्ला’ ब्रेलमध्ये लिहू.

क: ठिपके १, ३
इ: ठिपके २, ४
पाय मोडण्याची खूण: ठिपका ४
ल: ठिपके १, २, ३
ल: ठिपके १, २, ३
आ: ठिपके ३, ४, ५

एकूण सहा घरे. वेलांटी कुठे गेली? ब्रेलमध्ये वेलांटी नाहीच. काना नाही, मात्रा नाही. व्यंजनापुढे सरळ पूर्ण स्वर लिहायचा: क, मग इ. ‘कई’सारखा शब्द आला तर गोंधळ होऊ नये म्हणून मध्ये ‘अ’ टाकायचा.

११/
येथे क्षणभर थांबावेसे वाटते. सावरकरांनी स्वराची अक्षरे काढून चिन्हे ठेवली. भारती ब्रेलने चिन्हे काढून अक्षरे ठेवली. दुखणे एकच होते, एका ध्वनीला दोन रूपे असण्याचे. उपाय नेमके उलटे निघाले. आणि लखनौच्या परिषदेला १९५३ मध्ये जे साधले नाही ते, म्हणजे इकार उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर आणणे, ब्रेलने दोन वर्षे आधीच निमूटपणे करून टाकले होते. बोटाला जुन्या छापील अक्षराची सवय नव्हती, म्हणून ते करता आले.

१२/
टंकयंत्राने मात्र डोळ्याचीच बाजू घेतली. रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर आधी वेलांटी, मग ‘क’. जसे दिसते तसे, डावीकडून उजवीकडे. कचेऱ्यांतील टंकलेखकांच्या दोन-तीन पिढ्यांच्या बोटांत हा क्रम मुरला. संगणक आला तेव्हा तोही त्यांच्या हातूनच आला.

१३/
संगणकापुढे दोन मार्ग होते. अक्षराचे चित्र साठवायचे की अक्षर?

पहिला मार्ग सोपा होता. इंग्रजीच्या जागा वापरायच्या आणि ‘ए’, ‘बी’, ‘सी’च्या ठिकाणी मराठी आकृत्या बसवायच्या. फॉन्ट लावला की पडद्यावर मराठी दिसते. १९९० नंतरचे मराठी डीटीपीचे जग बहुतांशी यावर उभे राहिले. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पुस्तके, प्रबंध, सगळे त्यातच झाले. यंत्राच्या पोटात मात्र मराठी नव्हतेच. होती ती इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी.

१४/
दुसरा मार्ग ब्रेलसारखा होता. १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिपींसाठी एक सामाईक संकेतप्रणाली ठरवली. आयआयटी कानपूरला सुरू झालेले काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने ती प्रमाणित केली. हीच ‘इस्की’. तिच्यातही ‘क’ला सर्व भारतीय लिपींत एकच संकेत, आणि इकार व्यंजनानंतर. तिच्या जोडीचा इनस्क्रिप्ट कळफलकही आधी ‘क’ आणि मग वेलांटी असाच चालतो. १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली.

१५/
युनिकोडमध्ये ‘किल्ला’ असा साठतो: क, वेलांटी, ल, पाय मोडण्याची खूण, ल, काना. सहा संकेत. वर ब्रेलची सहा घरे पाहिली, ती पुन्हा पाहा. फरक आहे तो स्वराच्या रूपाचा आणि पाय मोडण्याच्या खुणेच्या जागेचा (ब्रेलमध्ये ती व्यंजनाच्या आधी येते). बाकी क्रम तोच. दोन्ही ठिकाणी पाया आपल्या वर्णमालेचा आहे. प्रातिशाख्यांच्या काळापासून ध्वनींची उच्चारस्थानांनुसार जी शास्त्रशुद्ध मांडणी चालत आली, ती छापील अक्षराच्या आकारापेक्षा अधिक टिकाऊ ठरली.

१६/
म्हणून आज युनिकोडमधले मराठी पान यंत्राला बोलून दाखवता येते, ब्रेलमध्ये उतरवता येते, शोधता येते. एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोघा अंध तरुणांनी सुरू केला. त्याच्या सोबत येणारे ईस्पीक हे वाचायंत्र मराठीही बोलते. आवाज रुक्ष आहे, पण वाचन होते.

जुन्या फॉन्टमधले पान त्याच्यापुढे ठेवा. तो तेथे इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस वाचत बसतो. बिचाऱ्याला तेच दिसते.

१७/
हा प्रश्न केवळ अंध वाचकाचा आहे असे वाटत असेल, तर पुढील प्रसंग ऐका. कोकणातील बंदरांवरचा एक जुना प्रबंध मला संगणकीय प्रतीच्या रूपात मिळाला. चारशेहून अधिक पाने. ‘जकात’ हा शब्द शोधला, उत्तर आले: शून्य. पाने चाळली तर जकात ओळीओळीत. फॉन्ट जुना होता. दोन डोळे धड असूनही त्या प्रबंधापुढे माझी अवस्था त्या पडदावाचकाहून वेगळी नव्हती. २००० च्या आसपास मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांना आपापला फॉन्ट असे. त्या काळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला जतन झालेली पानेही आधी उलगडून घ्यावी लागतील.

१८/
अंधांसाठी केलेली सोय सर्वांच्या कामी येते, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासात पुनःपुन्हा दिसते. इटलीत १८०८ च्या सुमारास पेलेग्रिनो तुर्री याने दृष्टी गेलेल्या काउंटेस कॅरोलिना फँतोनीसाठी लेखनयंत्र केले. टंकयंत्राच्या पूर्वजांत त्याची गणना होते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी लांब तबकडी अमेरिकेत १९३४ च्या सुमारास अंधांच्या बोलक्या पुस्तकांसाठी वापरात आली. संगीताच्या बाजारात ती १९४८ मध्ये उतरली. आणि १९७६ मध्ये रे कर्झवाइल यांनी कोणत्याही वळणाचा छापील मजकूर ओळखून मोठ्याने वाचणारे यंत्र अंधांसाठी सादर केले. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरच्या प्रतिमांकित प्रतीत तुम्ही एखादे गाव शोधता आणि ते सापडते, तेव्हा त्या यंत्राच्या वंशजाकडूनच काम करून घेत असता.

१९/
कायद्याचेही थोडे सांगतो. अंध वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करण्यास लेखाधिकाराची आडकाठी नसावी, यासाठी २०१३ मध्ये माराकेश करार झाला. २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला आणि ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही. मराठीत २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केले. रत्नागिरी जिल्ह्यातच, मंडणगड तालुक्यात घराडीला, स्नेहज्योती हे निवासी अंध विद्यालय आहे. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले. आंबडव्यावर कोणी धागा लिहिला आणि त्यातली कागदपत्रे केवळ चित्रे म्हणून टाकली, तर त्याच तालुक्यात शिकणाऱ्या मुलांना त्यातले काहीही कळणार नाही.

२०/
आता जरा घरचा आहेर. मराठी इतिहासाच्या पानांवर (यात आपणही आलो) सर्वाधिक काय टाकले जाते? मोडी कागदांची छायाचित्रे. सोबत मजकूर काय, तर ‘दुर्मीळ पत्र!’ आणि दोन उद्गारचिन्हे. पडदावाचक त्यावर ‘चित्र’ एवढाच शब्द उच्चारतो. पण प्रामाणिकपणे सांगा, मोडी न येणाऱ्या तुमच्या मित्राला त्या चित्रातून याहून अधिक काय मिळते? मोडी वाचणारे किती उरले आहेत हे आपण सगळेच जाणतो. पत्राचे देवनागरी लिप्यंतर खाली अक्षरांत दिले, तर अंध वाचक, मोडी न शिकलेला वाचक आणि पाच वर्षांनी तेच पत्र शोधणारा संशोधक, तिघांचेही काम होते. कष्ट आपले एकदाच.

मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे. मूळ वळण जपायचे असेल त्यांना तीही सोय आहे.

२१/
युनिकोडने सगळे मिटले असे मात्र नाही. ‘ॲप’ हा शब्द आपण तीन रीतींनी साठवतो. ‘अ’वर चंद्र ठेवून, ‘ॲ’ या स्वतंत्र संकेताने, किंवा हिंदी वळणाच्या ‘ऍ’ने. एकाने शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला २००८ मध्ये. २००९ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने मराठी वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना अधिकृत स्थान दिले. या धाग्यातही सातव्या भागातील ‘अॅना’ आणि येथला ‘ॲप’ वेगवेगळ्या संकेतांनी लिहिले आहेत. दिसतात सारखेच. शोधून पाहा.

२२/
चित्रांच्या वर्णनाविषयी बऱ्याच जणांनी विचारले होते. जवळजवळ प्रत्येक समाजमाध्यमावर चित्र टाकताना ‘वर्णन’ लिहिण्याची चौकट असते. तेथे ‘थिबा पॅलेस’ एवढेच लिहून भागत नाही, कारण तो तर मजकुरात असतोच. आणि ‘भव्य, ऐतिहासिक वास्तू’ या शब्दांतून काहीच दिसत नाही. जे पाहून तुम्ही ते चित्र निवडले, ते लिहावे. गंमत अशी की असे वर्णन लिहायला बसले की आपणच ते चित्र प्रथम नीट पाहतो. या धाग्याच्या चित्रासाठी मी लिहिलेले वर्णन पुढीलप्रमाणे आहे.

‘रत्नागिरीतील थिबा राजवाडा, समोरून. तीन मजले, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या आणि त्यांवर नक्षी. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत कैदेत होता. हा वाडा त्याच्यासाठी १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो रत्नागिरीतच राहिला. चित्रात एकही माणूस नाही.’